बापू रासकरांची दोरी

बापू रासकर सकाळी दुकानाचं शटर वर करायचे, संगणक चालू करायचे आणि उदबत्ती लावायच्या आधीच पडद्याकडे बघून मोठ्यांदा सांगायचे, "आज चार घरी दिवा लागलाय." कधी दोन घरी, कधी सात. सातबाऱ्यासाठी समोर ताटकळलेला एखादा नवखा माणूस हमखास विचारायचा, "कुनाच्या वो?" की बापू खूश. "एक पारनेरचा वायरमन हाय. एक पाथर्डीची बाई हाय. एक नेवाशाचे रिटायर कंपाउंडर. आन एक हाय कोकनातला, त्यो निस्ता ढगावर लिवतो. ढग सोडून दुसरं काय न्हाई!"

दिवा लागला म्हणजे त्या माणसाने आपल्या ब्लॉगवर नवीन काहीतरी लिहिलं. ब्लॉगला बापू घर म्हणत. मध्यंतरी ब्लॉगची लाट आली होती तेव्हा जो तो लिहीत होता, नंतर लाट ओसरली आणि लोक मोबाईलवरच्या स्टेटसला लागले. तरी काही माणसं अजूनही आपापल्या कोपऱ्यात लिहितात, कुणी वाचो न वाचो. अशी माणसं हुडकून काढायची आणि त्यांचं नवीन काय आलं ते रोज जाऊन बघायचं, हा काष्टीच्या बाजारतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या झेरॉक्सवाल्याचा नाद होता. दुकानावरच्या पाटीत सातबारा, पीकविमा, आधार, पासपोर्ट फोटो असं सगळं होतं, पण या नादाचा उल्लेख नव्हता.

शोधायची रीतही बापूंचीच. ते संगणकात 'आमच्याकडं' हा शब्द टाकून शोधायचे. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "सर, पेपरात लिवनारा मानूस 'आमच्याकडं' म्हनत न्हाई. आमच्याकडं म्हननाराचं घर आसतंय." एक घर सापडलं की त्याच्या कडेला त्याच्या आवडीच्या ब्लॉगांची यादी असायची, त्यातून दुसरं घर, तिथून तिसरं. अशी तीनशेवर घरं त्यांनी एका जाड रजिस्टरात उतरवली होती.

आणि दर शनिवारी, बाजाराच्या दिवशी, त्यातल्या एका लेखाचे वीस कागद छापून ते दुकानाबाहेर सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावायचे. ज्याला हवा त्याने काढून न्यावा. त्याआधी लिहिणाराची परवानगी घ्यायची, हा नियम. "आपला लेख आवडला. बाजारच्या दिवशी दोरीवर लावू का?" एवढाच त्यांचा निरोप असायचा. पुण्याच्या एका बाईंनी घाबरून उलट विचारलं होतं, "दोरीवर म्हणजे काय?" बापूंनी त्यांना दोरीचा फोटो पाठवला, त्यात मागे एक बैलही आला होता. बाईंनी तत्काळ होकार दिला.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. माझाही ब्लॉग आहे. त्याचं नाव 'चिंतनशिखर'. जिल्ह्यातल्या दोन दिवाळी अंकांत माझे लेख आलेले आहेत आणि सत्काराच्या दोन शाली घरात आहेत. काष्टीत लेखक कोण असं विचारलं तर लोक माझं घर दाखवायचे. आणि सात वर्षांत बापूंच्या दोरीवर माझा एकही लेख लागला नव्हता. मी दर पंधरवड्याला लिहायचो, आणि दर शनिवारी शाळेत जाताना मोटारसायकल हळू करून दोरीकडे बघायचो. तिथे ढगवाला असायचा. वायरमन असायचा. एकदा तर एका दूध संकलन केंद्रावरच्या माणसाचा लेख होता, दुधाची फॅट कमी लागली की कोणाचं तोंड कसं होतं यावर. लोक दोरीपाशी उभ्यानेच वाचून हसत होते. मी सुद्धा हसलो असतो, पण मला जळायचं काम होतं.

त्या पाथर्डीच्या बाईचा लेख लागला तो दिवस तर मी विसरणार नाही. ती हंगामात नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते आणि मोबाईलवर लिहिते. फोन चार्ज करायला पाचटाच्या कोपीपासून अर्धा मैल चालत जावं लागतं, तोवर वाक्यं मनात धरून ठेवायची, आणि परत येईपर्यंत त्यातली दोन सांडलेली असतात, असं तिने लिहिलं होतं. गुरांच्या बाजारातल्या एका दलालाने तो लेख मोठ्याने वाचला आणि शेवटी नाक शिंकरलं. बापू म्हणाले, "सर, वाचलं का? सांडलेली वाक्यं काय आसतील, रातभर डोक्यातनं जाईना." मी कागद घरी आणला आणि लाल पेनाने त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या. तेवीस भरल्या. मला बरं वाटलं. सुमन म्हणजे माझी बायको. तिने दुसऱ्या दिवशी तोच कागद माझ्या टेबलावरून उचलला, लाल खुणांसकट घडी केला आणि शिवणकामाच्या डब्यात ठेवला. माझ्या लेखांच्या कात्रणांना तिने असा डबा कधी दिला नव्हता.

बापूंच्या मायेला हिशेब नव्हता, आणि नेमकं तेच मला सोसत नव्हतं. नेवाशाच्या कंपाउंडरांचा ब्लॉग एकदा अचानक थांबला. बापू रोज जाऊन बघायचे. "बंद घरापुढनं बी जायाचं आसतं, सर. कधी दार उघडंल काय सांगावं?" तीन महिने झाले तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि एसटीने नेवासा गाठलं. पत्ता ठाऊक नव्हता. पण कंपाउंडरांच्या लेखात दारातली दोन बदामाची झाडं आणि समोरची पिठाची गिरणी वारंवार यायची, तेवढ्यावर विचारत विचारत घर काढलं. दार उघडणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?" बापू म्हणाले, "मी वाचतो." परत आले ते पेढे घेऊनच. "डोळ्याचं आपरेशन झालंय, बाकी म्हातारा खडखडीत हाय! बदाम बी हायत, दोन्ही."

हे ऐकून मी काय करावं? मी लिहिणं थांबवलं. मुद्दाम. माझं घर बापूंच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर; नेवाशाला जाणारा माणूस दोन गल्ल्या येतो की नाही, ते बघायचं होतं. एक महिना गेला, दोन गेले. शेवटी एका सकाळी त्यांनी मला हात केला. मी गाडी थांबवून उतरलो. बापू म्हणाले, "सर, लिवनं बंद दिसतंय. तब्येत बरी हाय ना? रोज शाळंत जाताना दिसता म्हनून म्होरं काय इचारलं न्हाई." झालं, माझ्या उपोषणाची एवढीच चौकशी. त्याच संध्याकाळी मी 'मौनाचे सामर्थ्य' नावाचा लेख लिहिला. तोही लागला नाही.

मग तो पावसाळा संपतानाचा शुक्रवार आला. मी प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढायला गेलो होतो. बापूंचा चेहरा नुसता फुलला होता. "सर, उद्याच्याला बघाच. आपल्या गावातलं मानूस गावलंय!"

मी दप्तर खाली ठेवलं. आपल्या गावातलं म्हणजे दुसरं कोण असणार? शर्टाची कॉलर नीट केली आणि विचारलं, "कोणता लेख घेतलात?"

"तुमचं न्हवं, सर," बापू ओशाळून म्हणाले. "नवीन मानूस हाय. सा महिनं झालं लिवतंय. नाव घालत न्हाई. पर लई भारी लिवतंय, सर, लई म्हंजे लईच. मी वाचताना दोनदा उठलो आन पानी पिऊन आलो."

काष्टीत दुसरा लेखक! आणि तोही बापूंना पाणी प्यायला लावणारा. मी प्रश्नपत्रिका मोजायच्याही विसरलो. घरी जेवायला बसलो तरी डोक्यात तोच नवा लेखक. सुमन मात्र त्या दिवशी कधी नव्हे ती गुणगुणत होती, तिने मला दोनदा विचारलं, "उद्या तुमची सकाळची शाळा ना? मी बाजार करून येईन म्हणते." मी हूं म्हटलं. तिच्याकडे बघायला मला सवड कुठे होती?

शनिवारी शाळा साडेसातला. मी सात वाजता बापूंच्या दुकानाशी पोचलो. वीस कागद दोरीवर लागलेले, बापू कोपऱ्यावर चहा आणायला गेलेले, रस्त्यावर अजून गर्दी नाही. मी आधी एकच कागद काढणार होतो, हे अगदी खरं सांगतो. पण एक काढला आणि वाटलं, उरलेले एकोणीस आज गाव वाचणार. दलाल नाक शिंकरणार. सुमन घडी करून डब्यात ठेवणार. पुढचं हातांनीच केलं. वीसच्या वीस कागद दप्तरात कोंबले आणि गाडीला किक मारली. मी वर्गात पोरांना खडू चोरला म्हणून बाकावर उभं करणारा माणूस आहे.

शिक्षकांच्या खोलीत कोणी नव्हतं, तेव्हा एक कागद बाहेर काढला. वर ब्लॉगचं नाव होतं, 'दुपारचे दोन ते चार'. लेखाचं नाव, 'वाचन'. पहिलंच वाक्य असं होतं : "आमच्याकडं जेवताना लेख वाचून दाखवायची पद्धत आहे, त्यामुळे मला भाकऱ्या परिच्छेदांवर मोजायची सवय लागली."

दुसऱ्या वाक्यावर माझे कान तापले. पाचव्या वाक्याला मी दार लावून घेतलं. नवरा नवीन लेख ताटावर वाचतो. मोठा शब्द आला की थांबून वर बघतो. तेव्हा बायकोने काहीतरी म्हणावं अशी त्याची अपेक्षा असते, आणि तिला त्या वेळी फक्त 'तूप वाढू का' एवढंच सुचतं. लेख संपेपर्यंत भाकरी गार होते. तिला गार भाकरीची आता सवय झाली आहे. एकदा नवरा आजारी पडला, लेख नव्हता, भाकरी गरम मिळाली, आणि ती तिला गिळवेना. मग तिने त्याच्या टेबलावरचा जुना लेख आणला आणि त्याच्या खाटेशी बसून स्वतःच मोठ्याने वाचला. तो झोपला होता. त्याला हे माहीत नाही.

खरंच मला माहीत नव्हतं. मागच्या वर्षी मला टायफॉइड झाला होता तेव्हाची ही गोष्ट. दोन ते चार मी शाळेत असतो आणि शिवणाचं मशीन बंद असतं, हेही मी कधी लक्षात घेतलं नव्हतं. मी तो लेख तीनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा रडू आलं, आणि तिसऱ्यांदा, सांगायलाही लाज वाटते, पुन्हा मत्सरच वाटला. असं वाक्य मला सात जन्मांत लिहिता आलं नसतं.

साडेअकराला घरी आलो तर सुमन ओट्यापाशी बसली होती. अंगावर इस्त्रीची निळी साडी होती, जी ती लग्नकार्याला नेसते. पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी. कांदे, बटाटे, काही आणलं नव्हतं.

"बाजार नाही केलास?" मी विचारलं.

"केला की," ती म्हणाली. मग कोथिंबीर निवडत म्हणाली, "आज बापूंची दोरी रिकामी होती. नुसते चिमटे."

"हो का?" मी म्हणालो. दप्तर माझ्या खांद्यालाच होतं. त्यात वीस कागद होते. एवढं साधं होतं, दप्तर उघडायचं. मी हातपाय धुवायला गेलो.

रविवारी बापूंकडे गेलो. दुकान अर्धं उघडं होतं. मी दप्तर त्यांच्या पुढ्यात ठेवलं, तर म्हणाले, "मी च्या घेऊन येताना तुमची गाडी वळाया लागल्ती, सर. चिमटं हालत हुतं."

"मग मला अडवलं का नाहीत?"

"म्हनलं, एवडं आवडलं आसंल तर नेऊ द्या."

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "तो लेख सुमनचा आहे."

"मला ठाव हाय," बापू म्हणाले. "वैनीनं परवानगी देताना सांगितल्तं, सरास्नी इतक्यात सांगू नका. आधी दोरीवर दिसंल, मंग सांगंन."

मी त्यांना पुढच्या शनिवारी तोच लेख पुन्हा छापायची विनवणी केली. बापूंनी मान हलवली. एक लेख दुसऱ्यांदा छापायचा नाही, हा त्यांचा नियम होता. बाकीची घरं रांगेत आहेत म्हणाले. मग दप्तराकडे बोट केलं. "छापलेलं हायतच की. लावा तुमीच."

आणि तेवढ्यातही, चोरीचा माल समोर असताना, माझ्या तोंडातून ते निघालंच. "बापू, सात वर्षं झाली. माझं एकदाही का लावलं नाहीत?"

बापू म्हणाले, "सर, तुमचं समदं वाचतो मी. पर तुमी लिवाया बसता तवा बूट घालून बसता. दारात आलेल्या मानसाला वाटतं, ह्ये आता भायेर चाललंत. मंग मानूस बसत न्हाई."

पुढच्या शनिवारी मी अर्धी रजा टाकली आणि सकाळी बापूंच्या दुकानापुढे उभा राहून वीस चुरगळलेले कागद तळहाताने सारखे करत एकेक करून दोरीवर लावले. येणारा जाणारा विचारत होता, "सर, आखेर तुमचं लागलं व्हय?" मी वीस वेळा नाही म्हणालो. दूधवाला तिथेच वाचून खो खो हसला. "कोन वो ह्यो येडा नवरा? ताटावर लेख वाचतोय!" मी दुसरा चिमटा शोधू लागलो.

दहाच्या सुमाराला सुमन आली. साडी रोजचीच होती. दोरी बघून ती रस्त्याच्या पलीकडेच थांबली. मग मला बघितलं, माझ्या हातातले चिमटे बघितले. माझं तोंड उघडण्याआधी बापू काउंटरच्या बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "वैनी, मागल्या शनवारी माज्याच हातनं ऱ्हायलं. इसारलो. चूक झाली. आज सरास्नी मदतीला बोलावलंय."

खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सुमनने ती विसरल्याची लाज समजली असावी. "असू द्या," ती म्हणाली. घरी येताना पिशवी मी धरली होती. तिने विचारलं, "वाचलंत?"

"वाचलं."

"मग?"

खरं ते सांगून टाकायचं होतं. पण मी म्हणालो, "शेवट जरा घाईत झालाय."

बापू गेल्या वर्षी गेले. चार दिवसांचा ताप झाला, नगरला नेलं, पण परत आणता आलं नाही. दहाव्याला नेवाशाचे कंपाउंडर काळा चष्मा लावून आले होते. पाथर्डीची बाई हंगामामुळे येऊ शकली नाही, तिने आपल्या घरी दिवा लावला, फक्त एका ओळीचा : "आता सांडलेली वाक्यं कोणासाठी धरून ठेवायची?" तेराव्यानंतर बापूंचा थोरला मुलगा, जो आता दुकान बघतो, ते जाड रजिस्टर घेऊन आमच्या दारात आला. मी दोन्ही हात पुढे केले. तो म्हणाला, "सर, आमच्या बापूंनी वैनीस्नी द्यायला सांगितलंय." माझे हात तसेच राहिले. तिने पदराने पुसून रजिस्टर घेतलं.

तेव्हापासून दोरी सुमन चालवते. चहा ठेवून ती मोबाईल उघडते आणि म्हणते, "आज तीन घरी लागलाय." कधी पाच. मी शनिवारी चिमटे लावतो. माझा नंबर तिच्याही राज्यात आलेला नाही. तीही सगळे नियम पाळते, आणि नात्यातल्या माणसासाठी जरा जास्तच. बापूंची आठवण निघाली की तिचे डोळे भरतात, पण शेवटी एक वाक्य ती बोलतेच, "माणूस देवासारखा, पण माझा पहिलाच लेख विसरला बघा." हे ती येणाऱ्या पाहुण्यांना सांगते. मुलाला फोनवर सांगते. कंपाउंडरांनाही सांगितलं. मी प्रत्येक वेळी तिथेच असतो आणि प्रत्येक वेळी उठून पाणी प्यायला जातो.

बापू काही विसरले नव्हते, सुमन. पहाटे उठून त्यांनी वीसही कागद लावले होते, सरळ ओळीत, प्रत्येकाला दोन चिमटे. ते मी नेले. तू निळी साडी नेसून रिकाम्या दोरीपुढे उभी होतीस तेव्हा ते माझ्या दप्तरात होते. आणि शेवट घाईत झाला नव्हता.

हे मी आज रविवारी दुपारी दोनला, अनवाणी बसून लिहिलं आहे आणि आता ब्लॉगवर टाकतो आहे. उद्या सकाळी चहा ठेवून ती मोबाईल उघडेल आणि किती घरी दिवा लागलाय ते मोजेल. त्यातलं एक घर आमचंच असेल.